आपल्या टपालपेटीत जाहिरात, कुणाच्या परवानगीने?

(दिवाळे येथे महिला मंडळे, बचत गट आणि कार्यकर्त्या यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. त्यात आलेल्या स्त्रियांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मैत्रिणींनो, आणि पहाटेचा बाजार उरकून थेट इथे आलेल्या मावश्यांनो,

फलकावरचा विषय वाचून दोघी-तिघींनी मला आत येतानाच विचारलं, "ताई, मारहाण, पाणी, रेशन, घरांचे कागद हे सगळं सोडून ई-मेलमधल्या जाहिराती हा काय बायकांच्या बैठकीचा विषय झाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचा मी प्रयत्न करते. पटलं नाही तर शेवटी जरूर भांडा.

'तुमच्यापैकी किती जणींचं ई-मेलचं खातं आहे?' असं विचारलं तर दहा-बारा हात वर येतील. 'किती जणींकडे बोटाने चालणारा फोन आहे?' असं विचारलं तर बहुतेक सगळ्यांचे येतील. आता गंमत पाहा. अँड्रॉइड फोन सुरू करताना दुकानातल्या मुलाने किंवा घरातल्या भाच्याने त्यावर जीमेलचं एक खातं उघडून दिलेलंच असतं. त्याशिवाय त्यावर नवीन अ‍ॅप सहजी उतरत नाही. म्हणजे टपालपेटी प्रत्येकीच्या नावाची आहे. फक्त तिची किल्ली कुणाकडे आहे आणि आत काय येऊन पडतं, हे आपल्याला ठाऊक नसतं.

या पेटीत येतं तरी काय? मुलीच्या कॉलेज प्रवेशाचं पत्र येतं. बेलापूरच्या एखाद्या ऑफिसातलं मुलाखतीचं बोलावणं येतं. बँकेचा हिशेब येतो. पासपोर्टच्या अर्जाची पोच येते. वकील कागदपत्रं पाठवतात. नवऱ्याविरुद्ध दाद मागणाऱ्या स्त्रीशी आमच्यासारख्या कार्यकर्त्यांचा पत्रव्यवहारही कधी कधी याच पेटीतून होतो.

आपल्या आयांच्या आणि आज्यांच्या काळात सुनेला आलेलं माहेरचं पत्र आधी घरातला कर्ता माणूस फोडायचा आणि मग तिला वाचून दाखवायचा. आपलं पत्र आपण आधी वाचावं, एवढा साधा हक्कही बाईला सहज मिळालेला नाही. म्हणून या पेटीत कोण हात घालतं, काय टाकतं आणि कशाच्या आधारावर टाकतं, हा स्त्रियांचा प्रश्न आहे असं मी म्हणते.

नको असलेल्या पत्रांचे तीन प्रकार

आपण सगळ्याला मिळून 'जाहिराती' म्हणतो, पण त्यांचे तीन प्रकार आहेत. ते वेगळे ओळखता आले नाहीत, तर उपायही चुकतो.

पहिला प्रकार अनोळखी माणसाने पाठवलेल्या पत्रांचा. लॉटरी लागली, कर्ज मंजूर झालं, घरबसल्या काम मिळेल, असली ही पत्रं. याला स्पॅम म्हणतात. फसवणुकीचा धोका इथे सगळ्यात जास्त.

दुसरा प्रकार आपण कधीतरी आपला पत्ता दिलेल्या दुकानाचा. कपडे मागवताना, पॅथॉलॉजीचा अहवाल घेताना, मॉलमधलं बक्षिसाचं कूपन भरताना पत्ता दिला, की रोज एक पत्र सुरू.

तिसरा प्रकार बाहेरून येतच नाही. पेटी ज्याची आहे तो मालकच पत्रांच्या मधोमध एक ओळ बसवतो. ती दिसायला पत्रासारखी असते. तिला नाव असतं, विषय असतो, आणि कडेला बारीक अक्षरात 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं. आपण पत्र म्हणून बोट लावतो आणि जाहिरात उघडते.

बाजारातल्या मावश्यांना हे लगेच कळेल. तुम्ही आपल्या पाटीवर म्हावऱ्याचे वाटे मांडलेत आणि बाजाराच्या मालकाने तुम्हाला न विचारता मधे आपला एक वाटा ठेवून दिला. गिऱ्हाईक तुमचा समजून तो उचलणार. दिवसाचा पट्टा ठेकेदार घेतोच, वर पाटीही त्याचीच झाली. तुम्ही गप्प बसाल का?

फुकटची किंमत

'पेटी फुकट आहे, मग जाहिराती असणारच' असं आपल्याला सांगितलं जातं. हा फुकटचा व्यवहार कसा सुरू झाला ते थोडक्यात सांगते.

जुलै १९९६ मध्ये साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी अमेरिकेत हॉटमेल सुरू केलं. कुठल्याही संगणकावरून उघडता येईल अशी फुकट टपालपेटी. तिथून पाठवलेल्या प्रत्येक पत्राच्या तळाशी 'तुम्हीही फुकट खातं उघडा' अशा अर्थाची एक ओळ आपोआप चिकटायची. पत्र तुमचं, सही तुमची आणि खाली जाहिरात त्यांची. त्याच वर्षी मुंबईत रेडिफ सुरू झालं, आणि पुढे आपल्यातल्या कित्येकींचा पहिला पत्ता रेडिफमेलचा होता. पडद्याच्या कडेला हलणाऱ्या, चमकणाऱ्या जाहिराती त्या वयाच्या मैत्रिणींना आठवत असतील.

१ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल आणलं. जागा भरपूर दिली, पण एक नवी गोष्ट केली. पत्रातला मजकूर यंत्राकडून वाचून घेऊन त्याला जुळणारी जाहिरात शेजारी लावायला सुरुवात केली. त्याच महिन्यात खासगीपणासाठी आणि नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या ३१ संस्थांनी पत्र लिहून हे थांबवण्याची मागणी केली. पत्रातल्या मजकुरावरून जाहिराती नेमणं आम्ही बंद करू, असं कंपनीने जाहीर केलं ते जून २०१७ मध्ये. मधे तेरा वर्षं गेली.

आता पत्र वाचून जाहिरात लावत नाहीत, असं कंपनी सांगते. पण त्याच खात्यावरून तुम्ही काय शोधलंत, कुठले व्हिडिओ पाहिलेत, यावरून जाहिरात नेमता येते. थोडक्यात, तुम्ही कोण आहात याचा अंदाज बांधला जातो आणि तो अंदाज विकला जातो.

अंदाज बाईच्या अंगावर कसा येतो

पुरुषाच्या पेटीत चुकीची जाहिरात आली तर त्याचा एखादा मिनिट वाया जातो. बाईच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही. आमच्या कामातली तीन उदाहरणं सांगते. कंपनी कुठली याला इथे महत्त्व नाही.

एका बाईचा पाचव्या महिन्यात गर्भपात झाला. त्याआधी तिने फोनवर गरोदरपणाची माहिती पुष्कळदा पाहिली होती. यंत्राला मूल होणार आहे एवढंच कळलं होतं, गेलं हे कळलं नव्हतं. पुढे कित्येक आठवडे पेटी उघडली की बाळाची दुपटी, पाळणे, दुधाच्या बाटल्या. ती मला म्हणाली, "घरातले सगळे माझ्यासमोर तो विषय टाळतात, फोन तेवढा टाळत नाही."

दुसरी मुलगी नोकरीच्या शोधात होती. मुलाखतीच्या उत्तराची वाट पाहत असताना पत्रांच्या वर नोकरीचीच एक ओळ दिसली. तिला वाटलं, आलं उत्तर. उघडलं, फॉर्म भरला, 'नोंदणी फी' म्हणून आईच्या मासळीच्या गल्ल्यातले पैसे भरले. ती जाहिरात होती. खरं पत्र चार ओळी खाली होतं आणि ते तिने दोन दिवसांनी वाचलं.

तिसरी बाई मारहाण सोसून घराबाहेर पडण्याच्या तयारीत होती. तिने आपल्या फोनवर भाड्याच्या खोल्या आणि पोटगीची माहिती शोधली. तेच खातं घरातल्या टॅबवर मुलांच्या अभ्यासासाठी उघडं होतं. खातं एक आणि यंत्रं दोन. तिने काय शोधलं हे टॅबवर झळकणाऱ्या जाहिरातींनी नवऱ्याला सांगितलं. त्याने तिचं एकही पत्र उघडलं नव्हतं. पुढचं सांगायची गरज नाही.

आता गर्भपाताचाच विचार करा. आपल्याकडे १९७१चा कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. ठरलेल्या अटींमध्ये गर्भपात हा कायदेशीर आहे आणि तो गुप्त ठेवण्याचं बंधन डॉक्टरांवर आहे. डॉक्टरने तोंड मिटायचं आणि फोनने गावभर सांगायचं, असला हा कारभार. याशिवाय सावळा रंग उजळा, पोट कमी करा, केस वाढवा, असा रोजचा भडिमार असतोच. बाईला आधी लाज वाटायला लावायची आणि मग त्या लाजेवरचं औषध विकायचं, हे बाजाराचं जुनंच तंत्र आहे. पूर्वी ते भिंतीवर होतं, आता उशाशी आलं आहे.

ही लढाई आपण आधीही लढलो आहोत

जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल, ऐंशीच्या दशकात मुंबईच्या लोकलमध्ये आणि भिंतींवर गर्भलिंगचाचणीच्या जाहिराती उघड लागायच्या. 'आज थोडे पैसे खर्च करा आणि उद्याचा हुंडा वाचवा' असा त्यांचा आशय असायचा. लोक म्हणायचे, ज्याला नको त्याने वाचू नये. स्त्री संघटनांनी ते मान्य केलं नाही. मोर्चे, निदर्शनं, पथनाट्यं झाली. १९८८ मध्ये महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि त्याच्या कलम २२ने अशा जाहिरातींवर बंदी घातली. २००३च्या दुरुस्तीनंतर त्या कलमात इंटरनेटचाही स्पष्ट उल्लेख आला.

तरीही इंटरनेटवर जाहिराती दिसतच होत्या. २००८ मध्ये डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. समोर गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट. नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकारला तक्रारी घेणारी यंत्रणा नेमायला सांगितलं आणि तक्रार कळल्यापासून ३६ तासांत असा मजकूर काढण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं.

लक्षात घ्या, या तिन्ही नावांच्या फुकट टपालपेट्याही आहेत. म्हणजे 'यंत्र आपोआप लावतं, आम्ही काय करणार' ही सबब चालत नाही, हे याच कंपन्यांच्या बाबतीत एकदा सिद्ध झालेलं आहे. मात्र त्यासाठी कुणीतरी 'हा माझा खासगी वैताग नाही, हा सार्वजनिक प्रश्न आहे' असं म्हणावं लागलं.

कायदा आज कुठे आहे

युरोपात यावर थेट निकाल आहे. जर्मनीत एका वीज कंपनीची जाहिरात फुकट टपालपेटीत पत्रांच्या ओळीत झळकत होती. प्रतिस्पर्धी कंपनीने दावा लावला. २५ नोव्हेंबर २०२१ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की, पत्रासारखी दिसणारी जाहिरात पत्रांमध्ये बसवणं म्हणजे ई-मेलने जाहिरात करणंच, आणि त्यासाठी वापरणाऱ्याची आधी, स्पष्ट संमती हवी. सप्टेंबर २०२५ मध्ये फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने गूगलला ३२ कोटी ५० लाख युरोंचा दंड केला. संमतीशिवाय जीमेलमध्ये पत्रांच्या मधे जाहिराती दाखवल्या आणि खातं उघडताना संमती नीट घेतली नाही, ही त्याची कारणं.

आपल्याकडे? नको असलेले फोन आणि एसएमएस यांच्यासाठी १९०९ क्रमांक आहे, पण ट्रायचा तो नियम ई-मेलला लागू नाही. तरी आपण अगदीच निराधार नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला चकवणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी केली. त्यात दुसऱ्याच मजकुराचा वेश घेतलेली जाहिरात आहे. आपला तिसरा प्रकार आठवा.

२०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. संमती मोकळेपणाने, समजून-उमजून दिलेली हवी, आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता यावी, असं तो म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. हीच वेळ मागणी करण्याची आहे.

तोपर्यंत हाताशी असलेले उपाय

आता फोन बाहेर काढा. शेजारणीला येत नसेल तर तिला दाखवा.

पहिलं, उघडण्याआधी कडेचा बारीक शब्द वाचायची सवय लावा. 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' असेल तर ते पत्र नव्हे.

दुसरं, अनोळखी पत्राला उत्तर देऊ नका, त्यातलं 'नको असल्यास इथे दाबा' हेही दाबू नका. त्यावरून त्यांना एवढंच कळतं की हा पत्ता जिवंत आहे. स्पॅमचं बटण दाबा. ओळखीच्या दुकानाचं पत्र असेल, तर मात्र 'अनसबस्क्राइब' जरूर दाबा.

तिसरं, जीमेलमधल्या जाहिराती बहुतेक करून 'प्रमोशन्स' आणि 'सोशल' या कप्प्यांत बसतात. सेटिंगमध्ये जाऊन हे कप्पे बंद केले, की सगळी पत्रं एकाच पेटीत येतात आणि त्या मधल्या ओळी दिसत नाहीत. दुकानांची पत्रं मात्र मुख्य पेटीत येतील, म्हणून त्यांचं 'अनसबस्क्राइब' आधी करून घ्या.

चौथं, गूगल खात्यात 'माय अ‍ॅड सेंटर' नावाची जागा आहे. तिथे तुमच्यावर नेमलेल्या जाहिराती बंद करता येतात. गर्भारपण व पालकत्व, वजन घटवणं, डेटिंग, दारू, जुगार या विषयांच्या जाहिराती कमी करा, असंही सांगता येतं. याने जाहिराती थांबत नाहीत, अंदाज बांधणं कमी होतं. शोधलेल्या गोष्टींची नोंद तीन महिन्यांनी आपोआप पुसण्याची सोयही तिथेच खात्यात आहे.

पाचवं, पत्ते दोन ठेवा. एक दुकानांसाठी आणि कूपनांसाठी, दुसरा नोकरी, बँक आणि कोर्टकचेरीसाठी. दुसरा पत्ता कुठल्याही दुकानात सांगू नका. संगणकावर काम करणाऱ्या संस्थांनी थंडरबर्डसारख्या मोफत प्रोग्राममधून पत्रं वाचावीत. पेटीच्या पानावरच्या जाहिराती तिथे येत नाहीत.

आता कार्यकर्त्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. हिंसा सोसणाऱ्या बाईचा फोन हातात घेऊन सगळ्या नोंदी एकदम पुसू नका. तिच्यावर पाळत असेल, तर कोरा झालेला फोनही नवऱ्याला बरंच काही सांगतो. आधी तिला विचारा, फोन कोण कोण पाहतं, खातं आणखी कुठे उघडं आहे, पासवर्ड कुणाला माहीत आहे. मग सुरक्षित यंत्रावर, तिच्या एकटीच्या पासवर्डचं नवं खातं उघडून द्या. जुनं खातं नेहमीसारखंच चालू राहू द्या. समुपदेशनाच्या पहिल्या भेटीच्या कागदावर हे प्रश्न आता आपण छापूनच घ्यायला हवेत.

फसवणुकीत पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० क्रमांकावर कळवा. फसव्या किंवा वेश घेतलेल्या जाहिरातीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर करता येते.

बटणं दाबून प्रश्न संपत नाही

हे सगळे उपाय सांगताना मला मनातून रागही येतो. घरात चोर येऊ नये म्हणून बाईनेच कडी लावायची, रस्त्यात छेड होऊ नये म्हणून बाईनेच लवकर घरी यायचं, आणि आता पेटीत जाहिरात येऊ नये म्हणून बाईनेच सात ठिकाणी बटणं दाबत बसायचं! ज्याने न विचारता हात घातला त्याला कुणी काही विचारत नाही. म्हणून उपायांबरोबर मागणीही हवी.

माझा प्रस्ताव असा आहे. प्रत्येक गटाने पुढच्या तीन महिन्यांत एक वही करावी. पत्राचा वेश घेतलेली जाहिरात दिसली, की तिचा फोटो फोनवर काढून ठेवावा. तारीख, पेटी कुठली आणि जाहिरात कशाची, एवढं वहीत लिहावं. बाईचं नाव लिहू नये. मग या वह्या एकत्र करून आपण ग्राहक प्राधिकरणाकडे आणि राज्य महिला आयोगाकडे निवेदन देऊ. मागण्या तीनच: टपालपेटीत जाहिरात दाखवण्याआधी वेगळी आणि स्पष्ट संमती घ्या, तीही मराठीत. गर्भारपण, आरोग्य आणि कौटुंबिक तंटा यांवरून बाईवर जाहिराती नेमणं बंद करा. आणि नकार देणं एका बटणाचं काम करा, होकारासारखंच.

एकटीने केलेली तक्रार कंपनीच्या लेखी कुरकुर असते. दोनशे जणींच्या वह्या सरकारच्या टेबलावर गेल्या तर त्याला पुरावा म्हणावं लागेल. भिंतींवरच्या जाहिराती आपण अशाच उतरवल्या होत्या. पहिली वही मी आज इथे आणली आहे. ती कोणता गट घेतो, एवढं ठरवून मगच उठूया.